वस्तीचा चष्मा

डोळ्यांचं लेझर झालं त्या दिवशी डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, "आता महिनाभर पाणी, धूळ आणि घाम, यांपासून डोळे सांभाळायचे."

मी म्हणालो, "डॉक्टर, पाण्याचं सोपं आहे. आमच्या पुंडलिकनगरात नळाचं पाणी घरातच येत नाही, ते डोळ्यांत कुठून जाईल?"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांच्या दवाखान्याच्या मागं पण टँकरच उभा होता.

धुळीचं मात्र अवघड होतं. ते दुष्काळाचं वर्ष होतं आणि आमचं संभाजीनगर वाढायच्या घाईत होतं. पाइप टाकायचा म्हणून रस्ता खोदत, रस्ता करायचा म्हणून तो बुजवत, आणि पाइप टाकायचा राहूनच गेला हे लक्षात आलं की परत खोदत. पाणी नव्हतं, पण ते आणायची तयारी जोरात होती. त्या तयारीची सगळी माती आमच्या गॅलरीत येऊन बसायची. घामाबद्दल बोलायलाच नको. चैत्र चालू होता.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बी.एस्सी., रसायनशास्त्र. हे मी कोणी न विचारता सांगतो आणि पुढंही सांगणार, कारण त्यासाठी मी मेहनत केलेली आहे. चष्मा मला कॉलेजच्या पहिल्या वर्षी लागला, फळ्यावरचं दिसेना म्हणून. माझ्या वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाला चष्मा नव्हता. पण गावाकडं आमच्या वस्तीवर विद्वत्ता काचेच्या जाडीवरून मोजली जायची. माझा नंबर वाढला की माझे वडील ते चार जणांना असं सांगायचे, की जणू मला बढती मिळाली.

लेझर मी हौसेनं केलं नाही. शेंद्र्याला ज्या कारखान्यात मी आहे, तिथं रंग दिलेल्या भागांची तपासणी करायचं माझं काम. रंगाचा ओघळ आलाय का, दाणा बसलाय का, ते दिव्याखाली धरून बघायचं. तोंडाला मास्क, त्यातून निघालेली वाफ चष्म्यावर, आणि चष्मा पुसायला हातमोजा काढावा तर हाताला रंग. वर्षानुवर्षं मी अर्धा दिवस माल तपासला आणि अर्धा दिवस काच पुसली. म्हणून केलं.

आबा, म्हणजे माझे वडील, दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आले. आमची वस्ती डोंगराच्या अंगाला, मूळ गावापासून बरीच आत. तालुका सांगत नाही, कारण पुढं ज्या ऑफिसाची गोष्ट येणार आहे तिथले लोक अजून नोकरीत आहेत. आबांनी पिशवीतून तुपाची बरणी काढली आणि तिच्या मागून एक हिरवी पट्टी काढली. आमच्याकडं डोळ्याचं एकच ऑपरेशन माहीत आहे, शिबिरातलं मोतीबिंदूचं. जीप येते, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाते, हिरवी पट्टी बांधून परत आणून सोडते, आणि पुढं जाड काचेचा चष्मा मिळतो. डोळ्याला याच्यापलीकडं काही करता येतं, हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं. तरण्या वयात मोतीबिंदू झालेला माणूस म्हणून वस्तीवर माझी हळहळ करून झाली होती.

"पट्टी कुठंय?" आबांनी दारातच विचारलं.

"पट्टी नसते याला."

"टाकं?"

"टाके पण नसतात. उजेडानं करतात हे."

"उजेडानं?" आबा खाली बसले. "आपल्याकडं उजेड काय कमी हाय का रं? दिवसभर उजेडातच बसतो आम्ही. कोनाचा डोळा नाय सुधरला."

माझ्या बायकोनं पाणी आणलं. आबांनी अर्धा पेला पिऊन उरलेल्यावर झाकण ठेवलं.

"मंग चष्मा कवा देनार?"

"चष्मा नाही देणार. आता लागणारच नाही. त्याच्यासाठीच तर केलं."

"कदीच नाय?"

"कधीच नाही."

आबांनी हिरवी पट्टी घडी घालून परत पिशवीत ठेवली. मला वाटलं, खूश झाले असतील. आमच्या घरात खुशी दाखवायची पद्धत नाही.

दुपारी ते गॅलरीत उभे राहून आईशी फोनवर बोलत होते. आबांना फोनवर हळू बोलता येत नाही. गाव लांब आहे, म्हणून ते तेवढ्या मोठ्यानं बोलतात. "आगं, घिऊन यायला आलतो, पन त्याचा चष्माच गेला," ते सांगत होते. "आता टँकरसाठी तालुक्याला कोनाला उभं करू?"

तेव्हा मला कळलं की ते नुसते भेटायला आले नव्हते.

वस्तीची विहीर फाल्गुनातच आटली होती. सरकारी टँकर गावात यायचा, गावातल्या विहिरीत ओतून निघून जायचा. वस्तीपर्यंत त्याचा थेंब पोचत नव्हता. वस्तीला वेगळी खेप पाहिजे, असा अर्ज आबांनी देऊन ठेवला होता आणि तो ऑफिसात आराम करत होता. आई आणि बाकीच्या बाया ओढ्यापलीकडच्या एका बोअरवर जात होत्या आणि तो बोअर पण आता हवा ओकायला लागला होता. म्हशी आबांनी सोयगावकडं मामांकडं पाठवून दिल्या होत्या. खेप मिळाली नाही तर महिनाभरात वस्ती उठणार होती. माणसं कुठं जाणार? आमच्याकडंच, शहरात. आणि आमच्याकडं नळाची तऱ्हा मी वर सांगितलीच.

मागच्या दुष्काळात खेप मी मिळवून दिली होती. ऑफिसात गेलो, बाबूनं खुर्ची दिली, मी नियम सांगितला, काम झालं. ते माझ्या शिक्षणानं झालं, असा माझा ठाम समज होता.

"आबा," मी म्हणालो, "टँकर काय चष्म्यानं मिळाला होता का?"

"मंग कशानं?"

"मी बोललो म्हणून. नियम सांगितला म्हणून."

"न्हेम तुझ्या आदी मी बी सांगितला हुता. तोच. मला म्हनले, बाबा, भायेर बसा."

"डॉक्टरांनी बाहेर पडायला सांगितलं की मी येतो," एवढंच बोललो.

तोवर मी घरात पडून थेंब टाकून घेत होतो आणि पुंडलिकनगर मला बघून जात होतं. आजाऱ्याला भेटायला जायचं ही आपली रीत चांगली आहे, पण माझा आजार लोकांना तपासून बघता येत होता. प्रत्येक जण दारातूनच बोटं दाखवायचा. "किती?" घरमालकीण काकू तर भिंतीवरचं कॅलेंडरच काढून जिन्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एकादशी कधी आहे सांग." सांगितली. मग त्यांनी ती स्वतः कॅलेंडर नाकाला लावून खरी आहे का ते बघितलं. उपायही आले. एकानं मध सांगितला, दुसऱ्यानं गुलाबपाणी, तिसऱ्यानं पांढऱ्या कांद्याचा रस. तिघांच्याही डोळ्यांवर चष्मा होता.

डॉक्टरांनी कामावर जायची परवानगी दिली. बाहेर पडताना काळा गॉगल लावायचा, एवढी अट. पहिल्या दिवशी कारखान्याच्या गेटवर वॉचमननं मला थांबवलं. तो रोज मला सलाम करणारा माणूस. त्यानं माझं ओळखपत्र हातात घेतलं, फोटोकडं बघितलं, गॉगल काढायला लावला आणि म्हणाला, "भाई, ये फोटू में तो चश्मेवाले साब हैं. तुम कौन?"

"मीच आहे तो. ऑपरेशन केलं."

"ऑपरेशन आँख का किया के चेहरे का?"

शेवटी आतून एक सहकारी आला आणि त्यानं मला ओळखलं, तेही आवाजावरून. आत गेल्यावर मात्र माझे डोळे असे चालले, की विचारू नका. संध्याकाळी दिव्यांभोवती अजून कडी दिसायची, पण हातभरावरचा केसाएवढा ओघळ सुटत नव्हता. मी एका पाळीत इतका माल बाद केला की सुपरवायझर धावत आला. "काय चाललंय? गिऱ्हाइकाला पण एवढं दिसत नाही," तो म्हणाला. "जुना चष्मा ठेवलाय ना घरी? लाव तो दोन दिवस."

त्याच आठवड्यात रजा टाकून मी आबांबरोबर तालुक्याच्या ऑफिसात गेलो. टंचाईच्या टेबलावर मागच्या वेळचेच बाबू बसले होते. मला बरं वाटलं. ओळखीचा माणूस आहे, पटकन काम होईल. मी नमस्कार केला. त्यांनी गॉगलकडं बघितलं आणि हातानं दिशा दाखवली. "अंधांचं टेबल तिकडं."

मी गॉगल काढला. "मी टँकरच्या खेपेसाठी आलोय."

"सगळेच त्यासाठी आलेत," बाबू कागदात बघत म्हणाले. खुर्ची रिकामी होती. ती त्यांनी दाखवली नाही.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. गावातल्या विहिरीपासून वस्ती किती लांब आहे, वाटेत ओढा आहे, वेगळी खेप देता येते असा नियम आहे. मागच्या वेळी जे बोललो होतो, तेच. शब्द पण तेच असतील.

"नियम आम्हाला माहीत आहेत," बाबू म्हणाले. "तुमच्या विहिरीला रेकॉर्डवर पाणी आहे. पाहणी झाल्याशिवाय काही होत नाही. पाहणी होईल तेव्हा होईल." मग ते आबांकडं वळले. "बाबा, असं कोणालाही घेऊन येऊ नका. तुमचे ते चष्मेवाले साहेब होते ना, मागच्या वेळचे? त्यांना आणा. त्यांना विषय माहीत आहे."

"त्योच हाय हा," आबा म्हणाले.

बाबूंनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हसले. "नाही हो. ते शिकलेले होते."

माझी पदवी मी वसतिगृहात राहून, सुट्टीत मोंढ्यात पोती उचलून मिळवलेली आहे. हे तिथं सांगावं असं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. आबांनी माझा दंड धरून मला बाहेर आणलं. ते सरळ बसस्टँडकडं चालायला लागले. मला वाटलं, निघालो आपण. पण ते एका दुकानासमोर थांबले. घड्याळं दुरुस्त करणारा एक माणूस तिथं चष्मे पण विकायचा.

"घे एक," आबा म्हणाले.

"काय?"

"चष्मा. साध्या काचंचा."

"आबा, चष्मा जावा म्हणून मी डोळे कापून घेतले. आणि आता विकत घेऊ?"

"डोळं तुझं हायेत," आबा म्हणाले. "चष्मा वस्तीचा हुता. काढायच्या आदी इचारलं असतंस, तर आमी नगं म्हनलो असतो."

मी फुटपाथवर उभा राहिलो. उन्हानं डोळे चुरचुरत होते. रागानं मी आतून उकळत होतो, पण ऑफिस जेवणाच्या सुट्टीनंतर उघडणार होतं आणि माझा राग उतरेपर्यंत वस्तीची तहान थांबणार नव्हती. मी आत गेलो.

"नंबर?" दुकानदारानं विचारलं.

"काही नाही."

"मग कशाला पाहिजे?"

"हापिसात जायचंय," आबांनी सांगितलं.

दुकानदारानं मान डोलावली, जणू निम्मी गिऱ्हाइकं याच कामासाठी येत होती. "मग काळी, जाड फ्रेम घ्या. सोनेरी घेतली तर बँकवाले वाटाल, वसुलीला आलेत म्हणून टेबल सोडून पळतील."

जेवणाच्या सुट्टीनंतर मी परत गेलो. तोच शर्ट, तेच पाय, तोंड पण तेच. बाबूंनी वर बघितलं आणि अर्धे उभेच राहिले.

"या, या साहेब! बऱ्याच दिवसांनी. बसा." खुर्ची त्यांनी स्वतः रुमालानं पुसली. "सकाळी तुमच्या घरचं कोणी येऊन गेलं. धाकटा भाऊ का? त्याला काही नीट सांगता येईना."

आबा माझ्यामागं उभे होते. त्यांच्या घशातून एक आवाज आला, तो त्यांनी खोकल्यात बुडवला. मी खुर्चीत बसलो आणि तिसऱ्यांदा तेच बोललो. ओढा, अंतर, नियम. बाबू माना डोलावत होते. "बरोबर आहे. असं मुद्देसूद सांगितलं की कळतं," ते म्हणाले आणि पाहणी दुसऱ्याच दिवशीची लावून दिली. वर अशी विनंती केली की पाहणीच्या वेळी साहेबांनी स्वतः हजर राहावं.

दुसऱ्या दिवशी वस्तीवर जीप आली. पाहणीचे साहेब वयस्कर, चष्मा घातलेले, कपाळाला रुमाल बांधलेले. वाईट माणूस नव्हता. उन्हानं आणि धुळीनं कावला होता, इतकंच. सगळी वस्ती विहिरीभोवती जमली. बाया रिकामे हंडे घेऊनच आल्या होत्या, जणू जीपमध्ये पाणी आहे. साहेबांनी कठड्यावर हात ठेवून खाली बघितलं.

"चमकतंय की खाली," ते म्हणाले. "पाणी आहे."

"नाय साहेब," आबा म्हणाले. त्यांनी एक दगड उचलून आत टाकला. ठक्क आवाज आला. "आयका. पान्यात पडला असता तर असा वाजला असता का?"

"दगडाच्या आवाजाची नोंद मी कुठं करू?" साहेब म्हणाले. "मला दिसतंय ते मी लिहिणार. चमकतंय म्हणजे ओल आहे." त्यांनी खिशाचं पेन काढलं.

मी पुढं झालो आणि कठड्यावरून वाकलो. त्या विहिरीचा तळ लहानपणापासून मला कधी दिसलाच नव्हता. चष्मा लागायच्या आधी पाणी असायचं, आणि लागल्यावर वाकलं की चष्मा घसरायचा. आता मला दगडाचा सांधा न् सांधा दिसला. कोरडी, भेगाळलेली माती दिसली आणि तिच्यावर पडलेली एक फरसाणाची पिशवी, उलटी, आतली चंदेरी बाजू वर.

"साहेब, ती पिशवी आहे," मी म्हणालो. "फरसाणाची. वरच्या कोपऱ्याला फाटलीय."

साहेबांनी परत बघितलं, डोळे बारीक केले. "इतक्या खालचं कोपरा फाटलेलं तुम्हाला दिसतं?"

"दिसतं."

"कमाल आहे. नंबर काय तुमचा?"

आबा माझ्याकडं बघत होते. मी काही बोलायच्या आत साहेबांनी हात पुढं केला. "बघू जरा."

मी चष्मा काढून दिला. दुसरं काय करणार? साहेबांनी स्वतःचा काढून आबांच्या हातात दिला, माझा डोळ्यांवर चढवला आणि विहिरीत वाकले. मग झाडाकडं बघितलं. मग जीपकडं. जीप शोधायला त्यांना वेळ लागला.

"अरे बाप रे," ते म्हणाले. "मला तर यातून काहीच दिसत नाही! सगळं धूसर. फारच मोठा नंबर आहे हो तुमचा."

"व्हय साहेब," आबा लगेच म्हणाले. "लई शिकलाय त्यो."

"ते दिसतंच आहे." साहेबांनी चष्मा दोन्ही हातांनी, मोठ्या अदबीनं मला परत दिला. मग स्वतःचा लावून कागद गुडघ्यावर घेतला. "एवढ्या नंबरच्या माणसाला पिशवी दिसली म्हणजे पिशवीच असणार. लिहितो, विहीर कोरडी." आणि लिहिलं.

जीप गेल्यावर लोक हसले. एका चुलतीनं तर हंड्यावरच ठेका धरला. मला हसू आलं नाही. येताना बसमध्ये बऱ्याच वेळानं आलं, आणि आलं तेव्हा शेजारचा माणूस सरकून बसला.

पुढच्या आठवड्यात मी कामावरून घरी आलो. आमच्या गल्लीत त्या दिवशी नळाची पाळी होती आणि नळ नेहमीप्रमाणे फुसफुसत होता. बायको त्याच्याखाली बादली लावून बसली होती. तेवढ्यात आबांचा फोन आला.

"आला रं," ते ओरडले. "थांब, आइकवतो."

त्यांनी फोन पुढं धरला असावा. आधी टँकरचं इंजिन ऐकू आलं, मग माणसांचा गलका, "सरक की मागं," "माझा नंबर हाय," आणि त्या सगळ्याच्या खालून विहिरीत जोरात पडणाऱ्या पाण्याचा आवाज. मी फोनचा आवाज मोठा केला आणि बायकोच्या कानाजवळ धरला. तिनं नळ बंद केला आणि ऐकत बसली.

तिकडं आईचा आवाज आला, "अवं, ठेवा की त्यो फोन! हंडा कोन धरनार?"

आणि फोन कट झाला.